मरवा फुलांत धरत नाहीत

होळी, १२ जानेवारी २०२५

उर्सुला,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. उलट घरात लग्न निघालं आहे. एलिसाचं. मुलगा ज्युड, अर्नाळ्याचा. घरची बोट आहे, पण तो स्वतः अंधेरीला एका कंपनीत कामाला जातो, आणि बोटीत बसला की त्याला उलटी होते, असं एलिसाच हसत सांगते. तारीख ४ मे. ईस्टर झाल्यावर, मोगऱ्याच्या ऐन भरात. तारीख मी काढलेली नाही. हॉल त्या दिवशी मोकळा होता.

आपलं होळी गाव ते तुझं चंदनसार म्हणजे काही परदेश नव्हे, हे मलाही कळतं. तरी लिहिते, कारण फोनवर तू ‘हं’ म्हणतेस, मी ‘हं’ म्हणते, आणि मग दोघी एकमेकींच्या घरातला पंखा ऐकत बसतो. कागदावर निदान एकीला तरी बोलता येतं.

मुद्द्याचं लिहिते. आपल्या घरात नवरीच्या केसांत पहिली वेणी आत्या माळते. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, मांडवात, सगळ्यांसमोर. त्याआधी तिच्या डोक्यात दुसऱ्या कोणाचं फूल जात नाही. एलिसाला आत्या एकच, म्हणजे तू. मी तिला म्हटलं, हल्ली कोण बघतं हे, आपला डेकोरेटर स्टीवन जिप्सो लावू म्हणतो, ऑर्किड लावू म्हणतो, आठवडाभर टिकतात. तर म्हणाली, “मम्मी, जिप्सो चर्चमध्ये. घरी आत्याची वेणी. आत्या नाही तर मी केस मोकळे सोडून बसते मांडवात. सिंपल.” तू तिला ओळखतेस. बसेलही.

तेव्हा हे पत्र तिच्यातर्फे आहे. मी फक्त निरोप पोचवते आहे.

बाकी ठीक. मोगऱ्याची छाटणी झाली, पाणी तोडलं आहे. कृष्णा आणि त्याची बायको अजून तोडणीला येतात, सोनचाफा अजून दादरला जातो. तुझी मरव्याची कुंडी तू मागच्या दारी ठेवून गेलीस, ती तिथेच आहे. मरवा जगतो आहे. मी काही फार लक्ष देत नाही, तरी जगतो.

कळव.

क्लारा

होळी, २ फेब्रुवारी २०२५

उर्सुला,

तुझं कार्ड मिळालं. पुन्हा पुन्हा वाचलं, पण वाचायला होतंच किती. “पत्र मिळालं. मरव्याला रोज पाणी घालू नये. उर्सुला.” लग्नाबद्दल एक अक्षर नाही. एलिसाने विचारलं, आत्या काय म्हणते. मी सांगितलं, पाणी कमी घाल म्हणते.

शाळेतही तू अशीच होतीस. एका बाकावर बसून मी दोघींच्या वाटचं बोलायचे. पुढे मी तुझ्या भावाशी लग्न केलं, तू नणंद झालीस, तरी मी तुला नावानेच हाक मारत राहिले, आणि सासूबाई शेवटपर्यंत नाक मुरडत राहिल्या. सेबेस्टियन म्हणायचा, आमची उर्सुला म्हणजे अबोली. रंग आहे, वास नाही, तोंडातून शब्द नाही. मी म्हणायचे, म्हणून तर अबोलीच्या वेणीत मध्येमध्ये मरवा गुंफतात, एकीने तरी दरवळायला नको का. तेव्हा आपण तिघंही हसायचो. तूसुद्धा.

मरव्यावरून एक गंमत सांगते. गंमत म्हणावी की नाही, तू ठरव.

सेबेस्टियन गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, मी फूल माळत नाही, हे तुला माहीत आहे. चर्चमध्ये असा नियम कुठे लिहिलेला नाही. फादरांना विचारलं तर ते हसतील. पण आपल्या आळीला फादरांना विचारायची सवय नाही. तर फूल नाही म्हणजे नाही. पण आंबाडा घातला की माझा हात सवयीने मागे जायचा आणि रिकामाच परत यायचा. एक दिवस मी तुझ्या कुंडीतली मरव्याची काडी खुडली आणि खोवली. मरवा काय, पाला आहे. पाला फुलांत धरत नाहीत. तेव्हापासून मी चर्चमध्ये मिस्साला रोज मरवा खोवून जाते आणि कोणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

परवा समोरच्या ज्युलीबायच्या लक्षात आलं. चर्चच्या पायऱ्यांवर मला थांबवून विचारते, “क्लारा, हे काय माळलंस?”

“पाला आहे.”

“कसला पाला?”

“कोथिंबिरीसारखाच.”

तिने मान पुढे काढून वास घेतला. “वास तर फुलाचा येतो.”

मी म्हटलं, ज्युलीबाय, अबोलीला वास नाही तरी ती फूल, मग मरव्याला वास आहे म्हणून तो फूल कसा?  ती माझ्या आंबाड्याकडे बघत राहिली.

आणि ही तीच ज्युलीबाय. नातवाला खोकला झाला की ओव्याची पानं माझ्याकडून नेते, अडुळसा नेते, गवती चहाला तर विचारतही नाही, परस्पर कापून नेते. सुनेच्या वेणीसाठी मोगराही माझ्याच बागेतला. माझ्या हातचा ओवा चालतो, मी विकलेला मोगरा चालतो. मी माळलेला तेवढा चालत नाही.

त्या दिवसाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण ज्युलीबायचं नाव निघालं की तो दिवस मागोमाग येतोच. सेबेस्टियनच्या पेटीवर झाकण घालायची वेळ झाली होती. मी त्याच्या पायाशी उभी, तू माझ्या मागे. माझ्या आंबाड्यात आदल्या संध्याकाळचा गजरा तसाच राहिला होता, मला त्याची शुद्धही नव्हती. मानेपाशी तुझी बोटं लागली. पिन निघाली. तू पुढे वाकलीस आणि गजरा त्याच्या हातांखाली ठेवलास. ज्युलीबाय सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “बरं केलंस उर्सुला, राहिला होता.” तू काहीच बोलली नाहीस.

विधवेचं शेवटचं फूल कोणीतरी काढतं आणि नवऱ्याबरोबर देतं, ही जुनी रीत मला माहीत होती. सासूबाईंचं त्यांच्या नणंदेने काढलेलं मी पाहिलं आहे. पण माझं तू काढशील, एका बाकावरची, हे माहीत नव्हतं. मला राग आला. तो अजून आहे. लग्नाचं आमंत्रण देताना हे लिहू नये, पण खोटं हसूनही बोलावू नये.

तू येणार आहेस का, ते कळव. एलिसासाठी.

क्लारा

होळी, ९ मार्च २०२५

उर्सुला,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे.

उपवासकाळ सुरू झाला. वेदीवर फुलं नाहीत, क्रूसाला हार नाही. हे दिवस मला बरे वाटतात. सगळं चर्चच माझ्यासारखं बिनफुलांचं असतं आणि कोणी कोणाकडे बघत नाही.

पण तुझ्या मरव्याने या वर्षी घात केला. त्याला तुरे आले. इतक्या वर्षांत मी मरव्याला फूल आलेलं पाहिलं नव्हतं, येतं हेही माहीत नव्हतं. मोहरीएवढी पांढरी फुलं, नीट बघितल्याशिवाय दिसत नाहीत. मी काही नीट बघितलं नाही, सवयीने काडी खुडली, खोवली आणि चर्चला गेले. ज्युलीबायने मात्र नीट बघितलं.

“आता?” एवढंच म्हणाली. तिच्याबरोबर आणखी दोघी होत्या. त्यांनी आधी माझ्या आंबाड्याकडे बघितलं आणि मग जमिनीकडे. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, मुलीचं लग्न तोंडावर आलेलं, आणि शाळेत कॉपी करताना सापडावं तशी उभी होते.

घरी येऊन सगळे तुरे खुडून टाकावे म्हणून कुंडीपाशी बसले. तेवढ्यात मालू आली. मालू तुला आठवत असेल, अर्नाळ्याची, टोपली घेऊन येते ती. ज्युडच्या घराची सगळी खबर मला तिच्याकडूनच मिळते. तिचा नवरा बोटीवरून गेला तो परत आला नाही, त्याला बरीच वर्षं झाली. केसांत अबोली आणि कागडा, तोंडात पान. मी तिला विचारलं, मालू, तुला कोणी काही म्हणत नाही?

“कोन बोलनार?” टोपली उतरवत म्हणाली. “नवरा दर्यानं नेला माजा, डोकं नाय नेलं. पयल्या वर्साला बोलली ती सासू. मी बोलली, आये, तुजा पोर मला फूल घालून बाजारात धाडायचा, बिनफुलाची गेली तर माझं बोंबील कोन घेनार?”

मग माझ्या हाताकडे बघून म्हणाली, “आन् तू ते कशाला खुडतंस? झाराला फूल आलं तर झार काय विचारून आनतं?”

मी तुरे खुडले नाहीत. पण खोवलेही नाहीत. तेव्हापासून माझा आंबाडा रिकामा आहे आणि मला ते आवडत नाही. मला माणसं गेली की काय काय सोडावं लागतं ते माहीत आहे. तुझा भाऊ गेला, ते कोणाच्या हातात नव्हतं. पण पहाटे बागेतून आला की तो एक मूठ कळ्या दादरच्या टोपलीत न घालता चुलीपाशी माझ्यासमोर ठेवायचा, मी गुंफायचे, आणि संध्याकाळी त्या उमलल्या की येताजाता माझ्या मानेशी वाकून वास घ्यायचा. केस पिकले तरी. बाग अजून आहे, कळ्या अजून येतात. त्यातलं एवढं तरी मला ठेवायचं होतं.

एलिसा येत्या रविवारी तुझ्याकडे येते आहे. मी पाठवत नाही, ती येते आहे. तिला सुक्या बोंबलाची चटणी दिली आहे बरोबर. ती मी पाठवली आहे.

क्लारा

होळी, १७ मार्च २०२५

उर्सुला,

काल एलिसा तुझ्याकडून परत आली, चप्पलही न काढता स्वयंपाकघरात उभी राहिली आणि म्हणाली, “मम्मी, तुम्ही दोघी वेड्या आहात का?”

मी म्हटलं, दोघीतली एक नक्की. कोणती ते सांग.

तिने जे सांगितलं ते मी इथे उतरवते. तिने काही वाढवलं असेल तर तू कळव. ती म्हणाली, तू तिला चहा दिलास, चटणीचा डबा उघडून वास घेतलास आणि बंद केलास. बाल्कनीत तुझ्या कोरफड आहे, गवती चहा आहे, एकही फुलझाड नाही. तिने लग्नाचं विचारलं तर तू म्हणालीस, “मी कोणत्या तोंडाने येऊ? तुझ्या आईने त्या दिवसापासून डोक्यात फूल घातलं नाही. त्याच्या हातच्या कळ्यांचा शेवटचा गजरा होता, मी न विचारता तिच्या डोक्यातून काढला. तिला तो जपून ठेवायचा असेल. तिने कधी मागितला नाही, म्हणून मी कधी बोलले नाही.”

एलिसा म्हणाली, “पण आत्या, काढलास कशाला?”

तू म्हणालीस, “पेटीभर झेंडू होता. सगळे हार झेंडूचे. जन्मभर मोगऱ्यात राबलेल्या माणसाला झेंडूत कसा पाठवणार? मी बागेत जाऊन आले. पण त्या पहाटे तोडणी कोणी केली होती? तोडणारा तर पेटीत होता, आणि कृष्णा त्याच्यापाशी बसून. रात्री उमलून सगळं जमिनीवर पडलेलं. धड मोगरा अख्ख्या घरात एकीच्याच डोक्यात होता.”

मी हे ऐकलं आणि भांडी घासायला गेले. घासलेली भांडी पुन्हा घासली.

उर्सुला, मला वाटलं होतं तू माझं फूल उतरवलंस. रीत पाळलीस. तुला वाटलं मी गजऱ्यासाठी रुसले. तू केलंस ते एकच, पण रीतही तशीच दिसते आणि प्रेमही तसंच. मी तुझं तोंड पाहिलं असतं तर मला कळलं असतं. पण तू मागे होतीस. तुझं तोंड मला दिसलं नाही, माझं तुला दिसलं नाही, आणि ज्युलीबायचं तेवढं दोघींना ऐकू आलं.

काल मला रडू आलं. ते कोणासाठी हे मी शोधत बसले नाही. पण एक गोष्ट नक्की, की त्याला जाताना मोगरा मिळाला, त्याच्याच हातचा, आणि तो विचार करून दिला होता, याचा मला आनंद झाला. फार आनंद झाला. तो मी तुला कळवते आहे.

आता कामाचं. वेणी माळायला तू येणार आहेस, त्यात आता ‘कळव’ वगैरे काही नाही. आणि या वेळी एक निरोप माझाही आहे, एलिसाचा नव्हे. गजरा तू काढलास. दुसऱ्या कोणाच्या हातून मी तो माळून घेणार नाही, माझ्या स्वतःच्याही नाही. आळी काय म्हणेल ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. तुला त्यांच्यासमोर ते करायचं नसेल तर मला राग येणार नाही. मी मरवा खोवून उभी राहीन. पण मला मोगरा माळायचा आहे, उर्सुला. माझ्या मुलीच्या लग्नात, माझ्या बागेतला. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, एलिसालाही नाही.

क्लारा

होळी, २३ एप्रिल २०२५

उर्सुला,

कार्ड मिळालं. “तीन तारखेला दुपारी येते. अबोली सांगून ठेव. दोरा केळीचा पाहिजे, रीळ नको.” तू एवढं मोठं पत्र लिहिलंस म्हणून एलिसा घरभर नाचली.

पण माझ्या निरोपाचं त्यात काही नाही. असू दे. मी म्हटलंच होतं राग येणार नाही. आलाही नाही. थोडा आला.

दोऱ्यासाठी केळीच्या बुंध्याची सालं सोलून वाळत घातली आहेत. अबोली मालू आणणार आहे. मोगरा खूप आहे, झाडं वाकली आहेत. स्टीवन मांडवाला प्लास्टिकचा मोगरा लावू म्हणत होता, लांबून कळत नाही म्हणाला. मी त्याला बागेत नेऊन उभा केला आणि लांबून कळतं का विचारलं. तो आता आंब्याची पानं लावणार आहे.

ज्युलीबाय रोज येऊन कामाला लागते. लाडू वळते, भांडी मोजते, मी नको म्हटलं तरी पिठात हात घालते. वाईट बाई नाही. तिचा नवरा गेला तेव्हा ती एलिसापेक्षा थोडीच मोठी होती, हे मी विसरले होते. काल मोगऱ्याच्या टोपलीपाशी बसून कळ्या निवडत होती. मला येताना पाहिलं आणि हात पदराला पुसले.

ये.

क्लारा

होळी, ६ मे २०२५

उर्सुला,

हे पत्र तुझ्या रिक्षाच्या पाठोपाठच निघेल. तू म्हणशील, दोन दिवस एका छताखाली होतो, तेव्हा नाही बोललीस. नाही बोलले. घर माणसांनी भरलं होतं. आणि जे सांगायचं आहे ते तू असताना सांगता आलं नसतं.

वेणी सुंदर झाली. तू अबोलीचा पदर धरलास, मध्ये मरव्याच्या काड्या दिल्यास, कडेने कळ्या. एलिसा हलत होती तेव्हा तू तिच्या डोक्यावर टपली मारलीस आणि म्हणालीस, “पेशंट हलला की सुई चुकते.” बाया हसल्या. तू नर्स होतीस हे आळीला पुन्हा आठवलं. एलिसाच्या सासूने वेणीचा वास घेऊन विचारलं, हा पाला कसला, एवढा वास येतो तो. मी म्हटलं, आमच्या उर्सुलाचा आहे.

मग तू हात झटकलेस, पिशवी उचललीस आणि मला वाटलं, संपलं. मी लाडवांचं ताट उचलायला वळले.

पुढचं तुला माहीत आहे, तू तिथे होतीस. पण तू पुन्हा माझ्या मागे होतीस, आणि मी या वेळी ते तसंच सोडणार नाही. माझ्या मानेपाशी तुझी बोटं लागली. थंड होती, तशीच. ताट माझ्या हातात होतं म्हणून मला हात मागे नेता आला नाही. आंबाड्यात गार काहीतरी बसलं आणि पिन आत गेली.  ज्युलीबाय समोरच होती. तिचा आवाज आला, पण या वेळी मोठा नव्हता. “उर्सुला, अगं, हे काय?”

तू म्हणालीस, “हिचा आहे. माझ्याकडे राहिला होता.”

मी तुला सांगते माझ्या तोंडाचं काय झालं. मी रडले नाही. ज्युलीबाय समोर होती, तिने मला बघितलं, तिला विचार. मी डोळे मिटले. संध्याकाळ होती, कळ्या नुकत्या उमलत होत्या, आणि तीन वर्षांनी तो वास बाजूने नाही, टोपलीतून नाही, माझ्या स्वतःच्या मागून आला. त्याच्या वाकण्याची वाट बघितली मी. क्षणभर, अगदी खरी. तो नाही हे मला माहीत होतं, तरी बघितली. आणि मला वाईट वाटलं नाही. मग कोणीतरी लाडू मागितला आणि मी डोळे उघडले. एवढंच झालं, पण ते तुला दिसायला हवं होतं.

आणखी एक, जे तुला दिसलं नाही. काल तू आणि पाहुणे गेल्यावर ज्युलीबाय मागच्या दारी आली. खोकला कोणाला नव्हता. तुझ्या कुंडीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, “हा मरवा, पालाच ना?”

कुंडी अजून तुऱ्यांनी भरलेली आहे. मी म्हटलं, “पालाच.”

तिने एक काडी खुडली, पदराखाली धरली आणि गेली. आज मिस्साला तिचा पदर डोक्यावर होता, आत काय होतं ते मी बघितलं नाही. तिच्या मागच्या बाकावर बसले होते. वास आला.

माझा गजरा दुसऱ्याच दिवशी सुकला. एलिसा म्हणाली, मम्मी, बायबलमध्ये ठेव. ठेवला नाही, केळीच्या बुंध्याशी टाकला. आज पहाटे बागेत गेले आणि टोपलीत घालण्याआधी एक मूठ कळ्या बाजूला काढल्या. गुंफून ठेवल्या आहेत. उमलायला संध्याकाळ होईल.

तुझी कुंडी मी देणार नाही. तिला पाणी किती घालायचं ते मला अजून कळलेलं नाही. येऊन सांग.

क्लारा